पावसाचा अंदाज आणि पावसाचा आकडा



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा चिटणीसांनी सोबत एक सूचनाही पाठविली होती. मी सीमाभागातील मराठीवर बोलावे, किंवा संतसाहित्यावर. या दोन्ही विषयांवर मी गेली चाळीस वर्षे इतके बोललो आहे की आता श्रोत्यांपेक्षा मलाच त्याचा कंटाळा येतो. शिवाय गुरुजी मराठीचे नव्हते. ते गणित शिकवीत, आणि गणितात मी कसाबसा तरून गेलेला विद्यार्थी. त्यांनी मला जे शिकविले ते वर्गात नव्हे, शाळेच्या मागच्या ओट्यावर. आणि ते मला कळले तेही फार उशिरा. म्हणून आज मी पावसावर बोलणार आहे. नेमके सांगायचे तर पाऊस पडण्यापूर्वी आपण त्याच्याविषयी काय म्हणतो आणि तो पडून गेल्यावर प्रत्यक्ष किती भरतो, या दोहोंमधील अंतरावर.

माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना तो ओटा आठवत असेल. त्यावर डालड्याचा एक मोठा डबा, त्याच्या तोंडावर बरोबर बसेल असे पत्र्याचे नरसाळे, आणि भोवती शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचे कुंपण. सकाळी बरोबर साडेआठला गुरुजी डब्यातले पाणी प्रयोगशाळेच्या काचेच्या मापात ओतीत, डब्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागीत आणि आलेला आकडा फळ्यावर सुविचाराच्या खाली लिहीत. सुविचार कुणी वाचत नसे, आकडा सारे वाचीत. सरकारी पर्जन्यमापकाचे वाचनही सकाळी साडेआठलाच होते, म्हणून वेळेबाबत त्यांचा एवढा कटाक्ष. एकदा त्यांनी आम्हांला हिशेब घातला होता : एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? उत्तर दहा हजार लिटर. आमच्यापैकी कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. नखाएवढ्याही न भरणाऱ्या पाण्यात एवढ्या घागरी असतील हे घरी सांगितल्यावर आमच्या आजीने गुरुजींच्या डोक्याविषयी काळजी व्यक्त केली होती.

ही मोजण्याची गोष्ट साहेबाने आणली असा समज आहे, तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ अरत्नीभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि देशोदेशींच्या पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत. त्यात अश्मक देशाला साडेतेरा द्रोण आहेत, अवंतीला तेवीस. अश्मकांची राजधानी अनेक अभ्यासक तेलंगणातील बोधन येथे मानतात. म्हणजे औराद-बिदरच्या शेजारचाच हा मुलूख. कमी पावसाचा प्रदेश म्हणून आपली नोंद इतकी जुनी आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर व्यासाच्या पात्राने पाऊस मोजण्याची रीत दिली आहे आणि आढक हे मापही दिले आहे. आपल्या पंचांगात आजही आढक छापले जातात. पण फरक असा, की वराहमिहिराचा आढक पाऊस पडल्यावर मोजायचा होता आणि पंचांगातला आढक तो पडण्याच्या वर्षभर आधी छापून मोकळा होतो.

आमच्या भागात भाकितांना तोटा कधीच नव्हता. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, ऊस, बोरे, गाजरे ठेवतात आणि त्याच्या वागण्यावरून पुढच्या सालाचा पाऊस व भाव ताडतात. आळंद-अक्कलकोटच्या पट्ट्यातले लोक ते ऐकून येत आणि गावभर सांगत. कारहुणवीला बैल पळवीत आणि कुठल्या रंगाचा बैल पुढे आला यावरून कुठले पीक साधेल ते बोलत. नक्षत्राचे वाहन तर घरोघरी पाठ : बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, कोल्हा, उंदीर, गाढव आले की कपाळाला हात. पुनर्वसूला 'तरणा' आणि पुष्याला 'म्हातारा' म्हणणारी आमची माणसे मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस जणू नात्यातल्या माणसांसारखा ओळखीत. मला या गोष्टींची टिंगल करायची नाही. गुरुजींनीही ती केली नाही. त्यांनी फक्त वहीत तीन रकाने आखले : पंचांग, हवामान खाते आणि डबा.

हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरचे हिवाळी बर्फ आणि पुढचा मोसमी पाऊस यांचा संबंध मांडला. बर्फ फार साठले तर पाऊस उणा, असे त्यांचे निरीक्षण. आणि त्या आधारावर १८८६ पासून हंगामी अंदाज नियमाने निघू लागले. आळंदच्या काळ्या रानात तूर पेरावी की नाही हे ठरविण्यासाठी कुणीतरी हिमालयातले बर्फ पाहत होता, ही कल्पना मला आजही थक्क करते. थंड देशांत हिवाळी वादळ यायच्या आधी डोंगरातल्या हिमक्रीडेच्या गावी किती इंच बर्फ पडेल ते जाहीर करतात, आणि पडून गेल्यावर पांढऱ्या फळीवर पट्टी उभी धरून मोजतात. अंदाज चुकला तर कुणाची सुटी वाया जाते, कुणाचे हॉटेल रिकामे राहते. आमच्याकडे बर्फ येते ते गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-सोलापूरकडे गारांनी उभी पिके झोडपली ते तुम्हांला आठवत असेल. मात्र पट्टी धरून मोजावे असे आमच्याकडे एकच, पाणी.

ब्लॅनफर्डनंतर आलेले जॉन इलियट यांनी १८९९ साली सरासरीहून अधिक पावसाचा अंदाज वर्तविला, आणि त्या वर्षी देशाने भयानक अवर्षण पाहिले. निजामी मुलुखालाही त्याची झळ लागली. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे अंदाज जनतेसाठी प्रसिद्ध करणेच थांबविण्यात आले. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनी जगभरचे वायुदाबाचे आकडे धुंडाळून पॅसिफिकवरच्या दाबाचे हेलकावे आणि आपला पाऊस यांची सांगड घातली. पुढे १९८८ पासून आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांचे सोळा घटकांचे गणित वापरात आले. पुढची तेरा-चौदा वर्षे ते चांगले चालले, आणि २००२ साली कोसळले. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१ टक्के. त्या जुलैत तर देशात निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. कर्नाटकाच्या दृष्टीने ते लागोपाठच्या तीन दुष्काळी वर्षांपैकी मधले वर्ष होते.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

१९७२ चा जून. मी एम. ए. ची परीक्षा देऊन आळंद तालुक्यातील आमच्या गावी आलो होतो. बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेल्या मुलाकडे घरचे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. गावात सोलापूरचे एक दैनिक येई. मोटारीने आळंदला आणि तिथून सायकलवर. म्हणजे आज छापलेला अंक आमच्या हाती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. तो मी ओसरीवर मोठ्याने वाची आणि वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, खांबाला टेकून ऐकत. मृग निघून तीन-चार दिवस झाले होते. वळिवाची एक चांगली सर पडून गेली होती, रानाला घात आली होती. अण्णांनी विचारले, "कागद काय म्हंतोय रे, पडंल का?" मी हवामानाची दोन ओळींची चौकट पाहिली आणि सांगितले, "पाऊस पडेल म्हणतात, अण्णा." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चाड्यावर मूठ धरली.

पाऊस आला नाही. त्या वर्षी मान्सून केरळाच्या किनाऱ्यावरच १८ जूनला पोचला, इतका उशीर त्याने क्वचितच केला असेल. आमच्याकडे पडलेली सर मान्सूनची नव्हतीच. मूग आणि तूर उगवून करपली. जुलैत उसनवारीच्या बियाण्याने दुबार पेरणी केली, तीही गेली. पोळ्याच्या आधी बैलजोडी बाजारात उभी राहिली; कडबा नव्हता तेव्हा बैलांना गिऱ्हाईक तरी कुठले असणार? मातीमोलाने दिली. पुढे सगळ्यांचे जे झाले तेच आमचे झाले, ते मी सांगत बसत नाही. अण्णांनी मला कधीही बोल लावला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला कागद वाचायला सांगितले नाही.

पुष्कळ वर्षे मी हवामान खात्याला दोष देत आलो. वर्गातही त्याच्यावर विनोद केले, मुले हसत. हवामान खाते ऊन पडेल म्हणाले की छत्री घ्यावी, या जातीचे. मग गुरुजी गेले आणि त्यांच्या कन्येने त्यांच्या वह्या माझ्या स्वाधीन केल्या. मी सर्वांत आधी १९७२ चा जून काढला. त्या तारखेच्या पानावर गुरुजींनी खात्याचा अंदाज अक्षरशः उतरवून घेतला होता. वाक्य पूर्ण होते. त्यात 'पाऊस पडेल' याच्या आधी 'तुरळक ठिकाणी' असे दोन शब्द होते. मी ते वाचले नव्हते असे नाही. मला ते सरकारी भाषेचे नेहमीचे पाल्हाळ वाटले आणि मी ते गाळले. मराठीच्या पदवीधराने!

हे दोन शब्द पाल्हाळ नाहीत. हवामान खात्याच्या भाषेत त्यांना माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापकांपैकी फार तर एकचतुर्थांशांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे चतुर्थांश ते निम्मे, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्मे ते तीनचतुर्थांश, त्याहून अधिक असेल तर 'बहुतेक सर्व ठिकाणी'. आणि अडीच मिलिमीटर भरला तरच तो पावसाचा दिवस. मराठीतील क्रियाविशेषणांवर मी विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले, पण एखाद्या क्रियाविशेषणाला इतका काटेकोर अर्थ असू शकतो हे मला गणिताच्या मास्तरांच्या वहीतून कळावे? म्हणजे आमच्या शेतावर पाऊस येण्याचा संभव चारांत एक होता, फार तर. मी अण्णांना तो चारांत चार म्हणून सांगितला.

पानाच्या तळाशी गुरुजींची आणखी एक टीप होती : 'हा अंदाज मराठवाडा व मध्य महाराष्ट्रासाठी. आपला विभाग निराळा.' सोलापूरचा कागद सोलापूरच्या वाचकांसाठी छापलेला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमचा जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. हवामान खात्याच्या नकाशात सोलापूर मध्य महाराष्ट्रात येते, लातूर-उस्मानाबाद मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्गा कर्नाटकाच्या उत्तर अंतर्भागात. पलीकडे लगेच तेलंगण. चार विभागांची टोके आमच्या शिवाराभोवती येऊन भिडतात. आमच्यासाठीचा अंदाज कन्नडमध्ये, 'उत्तर ओळनाडु' या नावाने सांगितला जाई. अण्णांना बाजारापुरती कन्नड उत्तम येत होती. मी मराठीच्या अभिमानापायी कन्नड बातम्या लागल्या की रेडिओ बंद करीत असे. आणि तो कागदही आदल्या दिवशीचा. चोवीस तासांचा अंदाज माझ्या हाती पडला तेव्हा त्याची मुदत संपत आली होती. दोष कुणाचा हे ठरवायला आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

गुरुजींच्या वह्यांत पंचांगाच्या रकान्यापुढे एक गमतीची गोष्ट आढळते. सुरुवातीच्या वर्षांत ते तिथे 'बरोबर', 'चूक' असे शेरे देतात. पुढे शेरे थांबतात आणि एके ठिकाणी लिहिले आहे : 'खंडवृष्टी हा शब्द चूक ठरविता येत नाही.' कुठेतरी पडला, कुठेतरी नाही, की खंडवृष्टी झाली. पण मग 'तुरळक ठिकाणी'चे काय? तोही तसाच निसरडा शब्द नाही का? मी यावर बराच विचार केला. एका गावापुरते पाहिले तर दोन्ही सारखेच. पडला तरी खरे, न पडला तरी खरे. पण खात्याचा शब्द विभागातले सारे पर्जन्यमापक दुसऱ्या दिवशी उघडून तपासता येतो. किती डब्यांत पाणी होते? चतुर्थांशाहून अधिक असेल तर अंदाज चुकला, एवढे स्पष्ट. चुकण्याची सोय ज्यात ठेवली आहे त्या शब्दाला मी अधिक मान देतो.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते सरमिसळ वापरतो. 'भाकीत' या शब्दाशेजारी 'भाक' आहे. भाक देणे म्हणजे वचन देणे. 'अंदाज' फारसीतून आला, बहुधा इथल्याच बहमनी-दखनी वाटेने. त्यात वचन नाही, नजरेने केलेला अदमास आहे. कन्नडमध्ये 'मुन्सूचने' म्हणतात, म्हणजे केवळ पूर्वसूचना. खाते अंदाज देते, आम्ही ते भाकीत म्हणून घेतो आणि ते मोडले की वचनभंगाचा राग करतो. २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाचे अंदाज देऊन आम्हांला पेरायला लावले, बियाणे-खतवाल्यांचे फावले, असे त्यांचे म्हणणे. शहरातल्या लोकांनी ती बातमी गंमत म्हणून वाचली. मला ती गंमत वाटली नाही. दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या अंगावर येतो त्याला कुठेतरी दाद मागावीशी वाटणारच.

आणि खात्याकडेही दोष आहे, तो झाकण्याचे कारण नाही. हंगामी अंदाज टक्क्यांत देतात. ९६ ते १०४ म्हणजे 'सर्वसाधारण'. आमच्या पुतण्याने एकदा मोठ्या आनंदाने सांगितले, "काका, यंदा शहाण्णव टक्के पाऊस हाय!" त्याच्या लेखी ते शाळेतले गुण होते, किंवा शंभरांत शहाण्णव वेळा पडणारच, असे काहीतरी. ते सबंध देशाचे, चार महिन्यांच्या बेरजेचे, दीर्घकालीन सरासरीशी केलेले प्रमाण आहे, आणि त्यावरून आळंदच्या शिवारात मृग साधेल की नाही याविषयी काहीही सांगता येत नाही, हे त्याला कुणी सांगितले होते? बिदरला वर्षाचा पाऊस साधारण साडेआठशे-नऊशे मिलिमीटर, कलबुर्गीला त्याहून कमी. पण पेरणी बेरजेवर होत नाही. बेरीज बरोबर आली आणि मधले तीन आठवडे कोरडे गेले तर मूग गेलाच.

२००९ चे उदाहरण घ्या. एप्रिलचा अंदाज ९६ टक्के, जूनचा ९३, आणि प्रत्यक्ष ७८. देशाच्या दप्तरी ते दुष्काळाचे वर्ष. पण त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत उत्तर कर्नाटकात असा पाऊस कोसळला की गावेच्या गावे पाण्यात गेली. खात्याचा मोसमी हंगाम ३० सप्टेंबरला संपतो; त्यानंतरचे पाणी त्या बेरजेत धरले जात नाही. आमच्या माणसाच्या हिशेबी मात्र तो सारा एकच पाऊस, हस्ताचा. या बाबतीत नक्षत्रांची दिनदर्शिका मला अधिक व्यवहार्य वाटते. उलट २०१९ मध्ये अंदाज ९६ आणि पडला ११०. तेव्हा अंदाज चुकल्याची तक्रार फारशी ऐकू आली नाही. चूक उण्या बाजूला झाली तरच ती आपल्या लक्षात राहते. २०१५ चा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. जूनमध्ये ८८ टक्के सांगितले आणि ८६ पडला. दुष्काळ येणार हे खात्याने स्पष्ट सांगितले होते.

अंदाज किती वेळा बरोबर आला हे मोजणेही दिसते तितके सरळ नाही. अमेरिकेच्या लष्करी हवामान विभागातले सार्जंट फिन्ली यांनी १८८४ मध्ये टोर्नेडो नावाच्या भयंकर वावटळींचे अंदाज दिले, आणि २८०३ पैकी शेकडा ९६.६ बरोबर आल्याचे सांगितले. तेव्हा गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने दाखवून दिले की 'आज वावटळ नाही' एवढेच रोज म्हटले असते तर शेकडा ९८.२ बरोबर आले असते. आमच्याकडेही पावसाचे दिवस वर्षाकाठी साधारण पन्नास. रोज 'कोरडे' म्हणणारा आळशी माणूस शेकडा पंच्याऐंशीहून अधिक दिवस खरा ठरेल आणि पेरणाऱ्याला त्याचा कवडीचा उपयोग नाही. गुरुजींना फिन्ली ठाऊक होते की नाही, मी सांगू शकत नाही. पण वहीत ते कोरड्या दिवशीचा 'कोरडे' हा अंदाज मोजतच नाहीत, आणि जिथे खाते पाऊस म्हणाले वा डब्यात पाणी आले तेवढ्याच दिवसांचा हिशेब मांडतात.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. कर्नाटक राज्याने १९८८ मध्ये दुष्काळावर नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र कक्ष काढला. त्याचे पुढे आपत्ती निरीक्षण केंद्र झाले, आणि आज ग्रामपंचायतीगणिक, राज्यभर सहा हजारांहून अधिक, आपोआप आकडा पाठविणारे पर्जन्यमापक उभे आहेत. गुरुजी दिवसातून एकदा मोजीत, ते दर पंधरा मिनिटांनी मोजतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली प्रणाली २०२५ च्या मे महिन्यात कामाला लागली. तिच्या नकाशातला चौकोन सहा किलोमीटरांचा आहे, आधी तो बारांचा होता. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणातून थेट आमच्या डोक्यावर आला, तेव्हा अतिवृष्टीचे इशारे आधी मिळाले होते. भीमेला पूर आला. इशाऱ्यामुळे माणसे आणि जनावरे हलविता आली. काळ्या रानात उभी असलेली तूर हलविता येत नव्हती, ती पाण्यात उभ्या उभ्या गेली. अंदाज आणि आकडा जुळूनही जे नुकसान होते त्याचे उत्तर हवामान खात्याकडे मागणे बरोबर नाही. ते पीकविम्याकडे, नाल्यांवर झालेल्या बांधकामांकडे आणि धरणांतून पाणी सोडणाऱ्या दोन राज्यांच्या परस्पर कळविण्याकडे मागावे लागेल, आणि तो विषय माझ्या आवाक्यापलीकडचा आहे.

गुरुजींच्या वह्या मी आज शाळेच्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करीत आहे. पहिल्या वहीची अखेरची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, आणि एका उन्हाळ्यात गुरुजी आजारी असल्याने नोंदी नाहीत. त्या जागा त्यांनी अंदाजाने भरलेल्या नाहीत, मोकळ्या सोडल्या आहेत. बाकी पूर्ण आहे. १९७२ च्या त्या पानावर माझ्या हातची पेन्सिलीची एक खूण आहे, ती कृपया कुणी खोडू नये. मुख्याध्यापकांनी मघाशी सांगितले की ओटा अजून आहे, डबा मात्र गेला. नवा डबा मी सोबत आणला आहे. तो पत्र्याचाच आहे, आणि नरसाळे आळंदच्या पत्र्याच्या कारागिराकडून तोंडाला बरोबर बसेल असे करून घेतले आहे. मोजायचे काचेचे माप तेवढे प्रयोगशाळेने द्यावे. सकाळी साडेआठची वेळ चुकवू नये.